काँक्रीटचा फोटो नेमका कधी काढावा?

मागे एका माध्यमिक शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आम्हाला व्याख्यानाला बोलावले होते. व्याख्यान झाले, चहा झाला, आणि मुख्याध्यापिका बाई आम्हाला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत तेथील स्लॅबच्या खालच्या बाजूचा दोन हात लांबीचा पोपडा खाली पडला होता. शाळा बंद होती म्हणून कोणाला लागले नाही. वर पाहिले तर तीन सळया उघड्या पडलेल्या, पुरत्या गंजलेल्या. खाली दोरी बांधून रस्ता बंद केला होता आणि दोरीपलीकडे पाचवीचा वर्ग भरत होता.

"सर, बावीस वर्षांची तर इमारत. असं का व्हावं?" बाईंनी विचारले.

बांधकामाची काही कागदपत्रे आहेत का, असे आम्ही विचारले. कागदपत्रे मिळाली नाहीत, पण कपाटातून एक जाड अल्बम निघाला. त्यात छत्तीस फोटो होते. फीत, कात्री, नारळ, हार घातलेले पाहुणे, पाटीवरचा पडदा आणि शेवटी समोरून घेतलेली नवी कोरी इमारत. तो शेवटचा फोटो खरोखर सुंदर होता. निळे आकाश, पांढरीशुभ्र भिंत, व्हरांड्याच्या सावल्यांची सरळ रांग. मात्र स्लॅब टाकण्यापूर्वीचा एकही फोटो त्या अल्बममध्ये नव्हता. शाळेचे जुने शिपाई मामा म्हणाले, "सळया फळ्यांवर तशाच टेकवलेल्या होत्या, मला चांगलं आठवतंय." मामांच्या आठवणीवर आमचा विश्वास आहे. पण बावीस वर्षांनंतर आठवण हा पुरावा होत नाही, आणि जो पुरावा होऊ शकला असता तो कोणी टिपून ठेवला नव्हता.

अल्बमचा हा दोष गावातल्या फोटोग्राफरच्या माथी मारून आम्ही परत आलो. नंतर सहज म्हणून काँक्रीटच्या वास्तूंची जगभर नावाजलेली छायाचित्रे त्या अल्बमशी मनातल्या मनात ताडून पाहू लागलो, तेव्हा मात्र आमचे मत बदलले. मोठमोठ्या नावांनीही बहुधा तोच क्षण निवडला आहे: फळ्या निघाल्यानंतरचा आणि पहिली भेग पडण्यापूर्वीचा. काँक्रीटच्या आयुष्यातला हा सर्वांत देखणा काळ खरा, पण त्याच्याविषयी सर्वांत कमी सांगणाराही हाच. हे आम्ही का म्हणतो, ते या लेखात मांडायचे आहे.

काँक्रीट हा दगड नव्हे

प्रथम थोडे रसायन. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण 'वाळते' असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात ते वाळत नाही. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटांची पाण्याशी अभिक्रिया होते आणि त्यातून घट्ट जाळे तयार होते. म्हणूनच स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे लागते. या अभिक्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तयार होते. त्यामुळे ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२.५ च्या वर असतो. एवढ्या अल्कधर्मी परिसरात पोलादाच्या सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि सळई गंजत नाही.

पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत राहतो आणि हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट होते. सामू ९ च्या खाली गेला की सळईचे संरक्षण संपते. त्यानंतर ओल आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने काँक्रीट फुटते आणि पोपडा पडतो.

यातला एक संबंध गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहावा असा आहे. कार्बोनेट झालेल्या थराची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सळईखाली २० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट असायला हवे होते आणि प्रत्यक्षात १० मिलिमीटरच राहिले, तर संरक्षण निम्म्या काळात नव्हे, एक चतुर्थांश काळात संपते. हे २० मिलिमीटर राखण्यासाठी सळयांखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. मामांनी जे सांगितले त्याचा अर्थ असा, की ते ठोकळे तिथे नव्हते.

काँक्रीट ही अशी काळाबरोबर बदलत जाणारी वस्तू आहे. छायाचित्र मात्र एका क्षणाचेच असते. मग प्रश्न उरतो तो क्षण निवडण्याचा.

धान्यकोठारावरची खाडाखोड

काँक्रीटच्या वास्तुकलेचा एक पायाच मुळी छायाचित्रांवर उभा आहे, आणि तोही डागडुजी केलेल्या. जर्मन वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपिअस यांनी १९१३ मध्ये अमेरिकेतील धान्यकोठारांची व कारखान्यांची छायाचित्रे एका वार्षिकात छापली. उंच, गोल, बिनसजावटीची ती कोठारे पाहून युरोपातील तरुण वास्तुविशारद भारावून गेले. ग्रोपिअस स्वतः अमेरिकेला गेले ते १९२८ मध्ये. म्हणजे कोठारे न पाहताच, फोटोंवरून, मत तयार झाले होते.

तीच छायाचित्रे ल कॉर्ब्युझिए यांनी मागवून घेतली आणि १९२३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात वापरली. त्यांत ब्यूनोस आयर्सच्या एका कोठाराचाही फोटो होता. त्या कोठाराच्या माथ्यावर जुन्या पद्धतीची त्रिकोणी शिखरे होती. नव्या वास्तुकलेला शुद्ध भौमितिक आकार हवेत, असे लेखकाचे म्हणणे. शिखरे त्यात बसेनात. तेव्हा ती फोटोवरून पुसून टाकली गेली आणि माथा सपाट झाला.

प्रयोगवहीत एखादा बिंदू आलेखाच्या रेषेवर बसत नाही म्हणून विद्यार्थ्याने तो खोडून टाकला, तर आपण त्याला काय म्हणतो? पुस्तकाची थोरवी आम्ही नाकारत नाही. पण काँक्रीटविषयीची एक मोठी कल्पना वाचकांच्या मनात रुजली ती निरीक्षणातून नव्हे, सोयीच्या चित्रातून, हे लक्षात ठेवले पाहिजे.

लुसिएँ अर्वे: फळीचा ठसा

याच वास्तुविशारदाला १९४९ साली एक असामान्य छायाचित्रकार भेटला. मूळचे हंगेरीचे लुसिएँ अर्वे (१९१०–२००७) मार्सेय येथे बांधकाम चालू असलेली वसाहत पाहायला गेले आणि एका दिवसात त्यांनी ६५० छायाचित्रे घेतली. ती पाहून ल कॉर्ब्युझिए यांनी त्यांना आपले छायाचित्रकार करून घेतले. १९६५ मध्ये वास्तुविशारदाचा मृत्यू होईपर्यंत ही जोडी टिकली. चंदीगडच्या इमारतींसाठी अर्वे १९५५ व १९६१ मध्ये भारतात आले होते.

अर्वे यांच्या कामाची ताकद प्रथम सांगितली पाहिजे. कृष्णधवल छायाचित्रात उन्हाची तिरपी तिरीप भिंतीवर घेतली, की पृष्ठभागावरचा बारीकसा उंचसखलपणाही दिसू लागतो. सकाळच्या उन्हात रस्त्यावरचा खडा लांब सावली टाकतो, तेच तत्त्व. अर्वे यांच्या चित्रांत सेंटरिंगच्या फळ्यांचे सांधे, लाकडाच्या रेषा, कधी गाठीसुद्धा काँक्रीटवर उमटलेल्या दिसतात. गिलावा न केलेले काँक्रीट म्हणजे फळीचा ठसाच. शंख विरघळून जावा आणि खडकात त्याचा साचा उरावा, तसे लाकूड निघून गेले आणि त्याची खूण मागे राहिली. ही गोष्ट डोळ्यांना दाखवणारे अर्वे मोठे निरीक्षक होते, यात शंका नाही.

आमची तक्रार दुसरीकडे आहे. ते चित्र कात्रीने कठोरपणे कापत. क्षितिज जाई, जमीन जाई, शेजारची अर्धवट भिंत जाई. उरे तो एक कोपरा, एक काळीभोर सावली आणि थोडे आकाश. अशा चित्रात भिंत तीन मीटरची की तीस मीटरची, हे कळायला मार्ग नसतो. ज्या चित्रांत एखादा चालणारा माणूस सावलीच्या कडेला छोटासा दिसतो, ती आम्हाला त्यांची सर्वांत उत्तम चित्रे वाटतात. तिथे भिंतीला माप मिळते आणि चित्राचे सौंदर्यही कमी होत नाही.

आणि काळाचे काय? १९५५ च्या चित्रांतले चंदीगडचे उच्च न्यायालय नवे आहे. त्याच्या प्रवेशद्वाराच्या तीन प्रचंड खांबभिंतींना पुढे हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग दिले गेले. २०१६ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. पण पुस्तकांतून चंदीगड पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते ते बहुधा काळे-पांढरे, निर्मनुष्य, पाऊस न पाहिलेले. सत्तर पावसाळे झेललेली भिंत कशी दिसते, ओल कुठे मुरली, दुरुस्ती कुठे झाली, हा त्या वास्तूच्या कथेचा मोठा भाग त्या चित्रांच्या बाहेरच राहतो.

बेखर दांपत्य: पद्धत उत्तम, माप गायब

वैज्ञानिकाला सर्वांत जवळची वाटावीत अशी छायाचित्रे जर्मनीच्या बेर्न्ट आणि हिला बेखर या पतिपत्नींची. १९५९ पासून अनेक दशके त्यांनी पाण्याच्या टाक्या, शीतन मनोरे, कोठारे, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे घेतली. त्यांतल्या काही वास्तू काँक्रीटच्या, काही पोलादाच्या, काही लाकडाच्या. पद्धत ठरलेली: ढगाळ दिवस, म्हणजे सावली नाही, कॅमेरा समोर आणि सरळ, माणसे नाहीत, मोठ्या आकाराची निगेटिव्ह, म्हणजे बारीक तपशील स्पष्ट. मग एकाच प्रकारच्या वास्तूंचे नऊ, बारा, पंधरा फोटो चौकटीत शेजारी शेजारी लावायचे.

इतर सर्व घटक स्थिर ठेवून एकच घटक बदलू द्यायचा, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो तेच. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना हर्बेरियमची पाने आठवतील. एकाच कामासाठी बांधलेल्या नऊ टाक्या किती वेगवेगळ्या असू शकतात, हे त्या चौकटीत चटकन दिसते. एकेकटा फोटो हे कधीच सांगू शकला नसता. १९९० मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले ते शिल्पकलेचे, हेही पाहण्यासारखे आहे.

पण चौकटीत सर्व वास्तू सारख्याच उंचीच्या छापल्या जातात. खालच्या ओळीत गाव आणि साल मिळते, उंची मिळत नाही. हा अक्षावर मोजपट्टी नसलेला आलेख झाला. आकारांची तुलना होते, भाराची होत नाही. आणि काँक्रीटची टाकी अशी का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तर भारातच असते. बेखर यांची पद्धत आमच्या मते शाळांनी उचलावी, मात्र चित्रात एक मोजपट्टी घालून.

काम चालू असताना

तिसऱ्या प्रकारची छायाचित्रे संख्येने कमी आहेत आणि आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटतात. स्विस छायाचित्रकार अर्न्स्ट शायडेगर १९५६ मध्ये चंदीगडला गेले होते. त्यांची त्या वेळची छायाचित्रे 'चंदीगड १९५६' या पुस्तकात २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत इमारतींइतकीच त्या बांधणारी माणसे आहेत, आणि शहर अजून व्हायचे आहे. अर्वे यांच्या चित्रातली भिंत जणू आपोआप उभी राहिलेली वाटते. इथे मात्र ती हातांनी उभी राहते आहे, हे दिसते. काँक्रीट एकसारखे का नाही, एका थरात आणि दुसऱ्या थरात रेघ का आहे, याचे उत्तर अशाच चित्रांत शोधावे लागते. काँक्रीट घमेल्याघमेल्याने येते तेव्हा दोन खेपांमध्ये वेळ जातो आणि त्या वेळेची खूण भिंतीवर राहते.

दिल्लीचे मदन महत्ता (१९३२–२०१४) यांनीही स्वातंत्र्योत्तर दिल्लीच्या नव्या वास्तूंची अशीच चिकाटीने नोंद केली. प्रगती मैदानावरचा 'हॉल ऑफ नेशन्स' त्यांपैकी एक. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी तो उभारला. असा त्रिमित सांगाडा एरवी पोलादी नळ्यांचा करतात. आपल्याकडे पोलादाची टंचाई होती आणि मजुरांची नव्हती, म्हणून तो काँक्रीटचा, जागेवर ओतून, केला गेला. एप्रिल २०१७ मध्ये ही वास्तू पाडण्यात आली. आता सांधे कसे जुळवले होते, ते काम माणसांनी कसे पेलले, हे जाणण्यासाठी नकाशांबरोबर छायाचित्रांकडेच वळावे लागते. पूर्ण झालेल्या सभागृहाचा देखणा फोटो त्याच्या आकाराची आठवण देतो. अर्धवट सांगाड्याचा फोटो ते पुन्हा कसे करता येईल, हे शिकवतो.

कोयनेची भेग

चौथा फोटो भेगेचा. उदाहरण आपल्याच घरचे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या काँक्रीट धरणाला दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या. त्या प्रामुख्याने धरणाच्या मागील बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास होत्या. आकार अचानक बदलतो तिथे ताण एकवटतो, हे सूत्र धरणाने स्वतःच्या अंगावर लिहून दाखवले. या भेगांच्या नोंदींवरून जगभरच्या अभियंत्यांनी आपली गणिते तपासली. आजही धरणांच्या भूकंपीय अभ्यासात कोयनेचे उदाहरण घेतले जाते. पुढे धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले.

आता कल्पना करा, की भूकंपाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कोणी समोरच्या टेकडीवरून धरणाचा फोटो काढला. दोन्ही फोटो जवळजवळ सारखेच दिसले असते. दोन्हींत धरण भव्य, दोन्हींत ते अभंग. फरक दिसायचा तर जवळ जायला हवे, भेगेशेजारी पट्टी धरायला हवी आणि तारीख घालायला हवी. अशा फोटोला कोणी चौकट करून भिंतीवर लावत नाही, पण पुढची धरणे अधिक सुरक्षित होतात ती अशाच नोंदींमुळे.

एक आक्षेप

कलेला तपासनिसाची फूटपट्टी लावू नका, असे काही वाचक म्हणतील. आम्हाला ते मान्य आहे. अर्वे काही सळया मोजायला गेले नव्हते, आणि सावलीच्या सौंदर्यासाठी काढलेल्या चित्राकडे सावलीसाठीच पाहावे. आमचे म्हणणे एवढेच, की तेच चित्र पुरावा म्हणून पुढे आले की प्रश्न विचारावेत. पाठ्यपुस्तकात 'भक्कम धरण' म्हणून, अहवालात 'काम पूर्ण' म्हणून, अल्बममध्ये 'आमची नवी इमारत' म्हणून जे चित्र येते, ते पृष्ठभागापलीकडचे काहीच सांगत नाही. त्या शाळेच्या अल्बममधला शेवटचा फोटो खोटा नव्हता. जे सिद्ध करण्यासाठी तो फाइलमध्ये लावला गेला, ते सिद्ध करण्याची त्याच्यात ताकद नव्हती.

वर्गासाठी

आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात कॅमेरा आहे. त्याचा असा उपयोग करून पाहावा.

गावात कुठे स्लॅबचे काम चालू असेल तर मालकाच्या परवानगीने, शिक्षकांच्या देखरेखीखाली, काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी फोटो घ्यावा. सळयांखाली ठोकळे आहेत का, फळ्या आणि सळई यांत किती अंतर आहे, हे पट्टी धरून टिपावे. हा फोटो दुसऱ्या दिवशी घेता येत नाही. पुढे पन्नास वर्षांतही घेता येत नाही.

शाळेतल्या एखाद्या भेगेचा फोटो दर वर्षी एकाच तारखेला, एकाच जागेवरून, बाजूने उजेड येत असताना घ्यावा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी आणि चित्रात कंपासपेटीतली पट्टी ठेवावी. भेग वाढते की थांबली आहे, हे एका फोटोवरून कधीच कळत नाही, पण दोन फोटोंवरून कळू शकते. वाढत असेल तर ते फोटो जोडून लेखी कळवावे.

पडलेल्या काँक्रीटचा तुकडा मिळाला तर शिक्षकांनी तो प्रयोगशाळेत हातोडीने फोडून ताज्या फुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब टाकावेत. त्यात अल्कोहोल असते, तेव्हा जवळ ज्योत नको. जिथे अजून अल्कधर्म टिकून आहे तो भाग गडद गुलाबी होतो. कार्बोनेट झालेला भाग तसाच राखाडी राहतो. राखाडी पट्ट्याची रुंदी पट्टीने मोजावी आणि लगेच फोटो घ्यावा, कारण गुलाबी रंग पुढे फिका पडतो. प्रयोगासाठी उभ्या इमारतीचा तुकडा मात्र काढू नये.

आम्ही त्या शाळेतला पडलेला पोपडा असाच तपासला. सगळा तुकडा राखाडीच राहिला. सळईच्या बाजूला एक बारीकशी गुलाबी कडसुद्धा आली नाही. सळईची खूण जिथे होती तिथपासून खालच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर सातवीतल्या एका मुलीने मोजले. ते ९ मिलिमीटर भरले. मामांच्या आठवणीला बावीस वर्षांनी आकडा मिळाला.

त्या तुकड्याचा, शेजारी पट्टी ठेवलेला फोटो बाईंनी अर्जाला जोडून वर पाठवला. व्हरांड्याच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली. नव्या कामाच्या वेळी काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी आठवीच्या मुलांनी ठोकळ्यांचे फोटो काढले आणि ते त्याच जुन्या अल्बममध्ये, पाहुण्यांच्या फोटोंनंतरच्या कोऱ्या पानांवर, तारखेसह चिकटवले.